दोन विष्णू आणि एक टिंब

बँकेत मी 20 वर्षं टिंबांच्या जिवावर पगार घेतो आहे. दशांशाचं टिंब एक घर सरकलं की काय हाहाकार उडतो, हे जवाहरनगरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. (कॉलनीतले ऑर्डनन्स फॅक्टरीवाले मोजमापात माझ्याही पुढे असतील, पण ते कामाबद्दल बोलत नाहीत.) अशा माणसाला एका टिंबानं फसवावं!

त्याचं असं झालं. नानाकाका गेले आणि त्यांची पेटी माझ्याकडे आली. सोबत एक जुनं पुस्तक. पुढचं पान नाही, मागची पानं नाहीत. म्हणजे लेखक नाही आणि किंमतही नाही. आत मात्र रागांच्या चिजा स्वरांसकट छापलेल्या. माझी मुलगी गाण्याच्या परीक्षा देते. तिच्या भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तका'तून मी खुणा उचलल्या होत्या. स्वराच्या पायाशी टिंब म्हणजे खालचं सप्तक, डोक्यावर टिंब म्हणजे वरचं. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, 'म'वर उभी रेघ म्हणजे तीव्र. ही किल्ली मी काकांच्या कुलपाला लावली.

पहिलाच यमन. नि रे ग. 'नि'च्या डोक्यावर टिंब, म्हणून मी पेटीच्या पार उजवीकडे सरकून वरचा नी धरला आणि तिथून 'रे'वर उडी घेतली. गच्चीवरून थेट अंगणात! पुढे काफी आला. तिथे 'ग' आणि 'नि' यांचे पाय मोडलेले. म्हटलं, अक्षर अर्धं तर स्वरही अर्धाच वाजवावा. काफीचा बिलावल झाला, तोही उचकी लागलेला. पण 'सा'वर उभी रेघ दिसली तेव्हा मी सावरून बसलो. तीव्र सा? सा कधी हलत नाही, हे आमच्या मांजरालाही माहीत आहे. छपाईच्या चुका, दुसरं काय! लाल बॉलपेन काढलं आणि बँकेच्या शिस्तीत 40 पानं दुरुस्त केली.

शेजारच्या भाऊंनी कुंपणावरून विचारलं, "काय जी, मिक्सर बिघडला का?"

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, भातखंडे आणि पलुस्कर स्वरलिपींची तुलना पाठ केलीय, ऐकता का?" ऐकता ऐकता मला घाम फुटला. पलुस्करांकडे खालच्या सप्तकाचं टिंब डोक्यावर असतं. वरच्या सप्तकाला उभी रेघ. कोमल स्वराचा पाय मोडतात. सम 1 या आकड्यानं दाखवतात आणि खाली + नं. भातखंड्यांकडे सम म्हणजे × आणि खाली म्हणजे 0. अधिकची खूण आणि हातात काही नाही, असा हिशेब मी प्रथमच पाहिला.

काकांचं पुस्तक बरोबर होतं. लेखापरीक्षकच चुकीचा नेमला होता.

मग या दोघांविषयी मिळेल ते वाचून काढलं. दोघेही मराठी, दोघेही विष्णू आणि दोघांचाही जन्म ऑगस्टमधला. विष्णु नारायण भातखंडे 1860 चे, मुंबईचे, पेशानं वकील. गाणं गवयांच्या तोंडी, आणि तोंडं बंद. पोटच्या पोरालाही चीज पुरी देईनात अशा काळात हा गृहस्थ गावोगाव हिंडून चिजा उतरवून घेत होता. 1910 साली संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' लिहिलं, तेही 'चतुर पंडित' या टोपणनावानं. वकील तो, सही जपूनच करणार.

विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 चे, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला गेले. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शाळेत शिकवायचं तर पुस्तकं हवीत, म्हणून ती छापायचाही उद्योग मांडला. ज्याला धड दिसत नव्हतं त्यानं इतरांना वाचायला गाणं छापलं, हे वाचल्यावर मी जरा वेळ लाल बॉलपेनकडे बघू शकलो नाही. पुढे मुंबईची त्यांची इमारत कर्जापायी लिलावात गेली. असले कागद रोज हाताळूनही ते वाचताना चुटपुट लागली.

खुणांच्या बाबतीत दोघांचं काही जमलं नाही. पलुस्करांनी स्वरास्वराखाली मात्रा मांडली: एक, अर्धी, पाव. अगदी पैपर्यंत चोख. भातखंड्यांनी एका मात्रेतले स्वर खालून कंसात बांधून एकरकमी हिशेब केला. तो लोकांना सोपा वाटला आणि तोच जास्त चालला. माझं मत विचाराल तर शिकायला भातखंडे बरे, पण ताळा बघावा पलुस्करांचा.

काल पुस्तक पुन्हा उघडलं. यमनच्या त्या 'नि'शेजारी, समासात, काकांच्या अक्षरात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं: 'खालचा'. त्यावर माझी लाल काट. पेन्सिलीचं पुसता येतं, बॉलपेनचं येत नाही. खोडरबरानं घासून कागद तेवढा विरला.

खालचा नी धरला. नि रे ग. दोनदा वाजवलं, मग तिसऱ्यांदा.

"झाला का जी दुरुस्त?" कुंपणापलीकडून भाऊंचा आवाज आला.