ओझी, ऑस्टन आणि एक शिक्का

२२ जुलै २०२५ रोजी ओझी ऑस्बॉर्न गेला. बातमी वाचून मी बराच वेळ गप्प होतो. घरात विचारणा झाली, "त्या सैतानी गाणाऱ्यासाठी?" हा शिक्का त्याच्यावर पन्नास वर्षे होता. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

ओझीचा जन्म १९४८चा, लहानपण इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ऑस्टन या कामगार वस्तीतले. आईवडील कारखान्यात, सहा भावंडे, घर लहान. शाळेत अक्षरे जुळत नसत. डिस्लेक्सिया असल्याचे फार उशिरा कळले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कत्तलखान्यातले काम, घरफोडी, तुरुंग. शिक्षक म्हणून हे वाचताना मला मागच्या बाकावरचे चेहरे आठवतात.

त्याचा साथीदार टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या. हेवी मेटलचा तो जड, खोल सूर असा कारखान्यातून आला. 'ब्लॅक सॅबथ' हे बँडचे नाव एका भयपटाचे. पहिला अल्बम १९७०चा. त्याच वर्षीच्या 'वॉर पिग्ज'मध्ये नेम आहे तो युद्ध पेटवून स्वतः सुरक्षित राहणाऱ्यांवर. तेव्हा व्हिएतनाममध्ये माणसे मरत होती. बँडची बहुतेक गाणी गीझर बटलरने लिहिली. ती लोकांच्या काळजात पोहोचवली ओझीच्या कळवळत्या आवाजाने.

ओझी संत नव्हता. दारू, नशा, १९८२ साली मंचावर वटवाघळाचे डोके चावणे, यातले काहीच झाकू नये. पण त्याच्या गाण्यामुळे एका तरुणाने आत्महत्या केली, असा खटला झाला, तेव्हा न्यायालयाने तो फेटाळला. शिक्का मात्र राहिला.

५ जुलै २०२५ रोजी पार्किन्सनने खचलेला ओझी ऑस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानात खुर्चीवर बसून शेवटचे गायला. त्या कार्यक्रमाचा पैसा रुग्णांच्या मदतीसाठी होता. आज त्याच ऑस्टनमध्ये पाकिस्तानी, बांगलादेशी मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात.

संगीत ऐकावे की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत; ते राहोत. पण नाव, दाढी, कपडे पाहून शिक्का बसणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग तोच शिक्का दुसऱ्यावर मारताना आपला हात का थबकत नाही?