उसना आंबटपणा

'लोणचं' या शब्दाच्या पोटात लवण आहे. पण कैरीच्या लोणच्याची बरणी वर्षभर टिकते ती एकट्या मिठामुळे नाही. त्यात मोठा वाटा कैरीच्या आंबटपणाचा. नावात त्याचा उल्लेख नाही, कारण तो गृहीतच धरलेला.

आमचं खापर अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. इथे आंबटाला तोटा नाही. उन्हाळ्यात डोंगरातल्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, चिरून वाळवतात आणि त्यांचं आमचूर बाजारात येतं. त्यामुळे एखादा पदार्थ मुळात आंबट नसेल तर काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नव्हता. तो पडला बीटामुळे.

ऑक्टोबरमध्ये मी परसात बीट लावलं. बीटाचं एक 'बी' म्हणजे खरं तर अनेक बियांचा गुच्छ असतो, म्हणून एका जागी दोन-तीन रोपं येतात आणि विरळणी करावी लागते. पानं बघून आजी म्हणाली, "हा तर माठाचा भाऊ दिसतो." ती बरोबर बोलली. लाल माठ, पालक, चाकवत आणि बीट एकाच कुळातले.

बीटाचे पूर्वज युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यांवर रानटी वाढायचे. आधी लोक त्याची पानंच खात, कंद नंतर पोसला गेला. १७४७ साली बर्लिनमध्ये मार्गग्राफ यांनी बीटातून साखर वेगळी करून दाखवली. पुढे इंग्रजांशी चाललेल्या युद्धात फ्रान्सला उसाची साखर मिळेना, तेव्हा १८११ साली नेपोलियनने हजारो हेक्टरवर साखरबीट लावायचा हुकूम काढला.

लाल बीट मात्र स्वयंपाकघरातच राहिलं. थंड मुलखात हिवाळाभर ते पुरवायचं, तर दोन वाटा होत्या. पोलंड-युक्रेनकडे ते मिठाच्या पाण्यात आंबवतात, आपल्या उत्तरेत गाजराची कांजी करतात तसं. दुसरी वाट व्हिनेगरची. दोन्हींत आंबटपणा मिळवावा लागतो, कारण बीटाकडे स्वतःचा नाही.

हे किती गंभीर आहे, ते १८९५ साली बेल्जियममधल्या एलेझेल गावात कळलं. एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडमधल्या लोकांनी मिठाच्या पाण्यात मुरवलेलं हॅम खाल्लं. अनेक जण आजारी पडले, तिघे गेले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून एक जंतू शोधून काढला. आज त्याला क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. तो मातीत असतो, त्याला हवा नकोशी असते, आणि त्याच्या विषाला वास असेलच असं नाही. मीठ होतं, तरी माणसं वाचली नाहीत.

या जंतूला रोखणारी रेषा पुढे ठरली: पीएच ४.६. त्याखाली तो वाढत नाही. कैरी या रेषेच्या बरीच खाली असते. बीट साधारण ५.३ ते ६.६, म्हणजे वर. शिवाय ते मातीतच वाढतं.

आजीने बीटाचे काप बघून मोहरीची डाळ, मेथी, नंदुरबारची मिरची काढली आणि तेल तापवायला ठेवलं. कैरीसाठी हे बिनचूक आहे. बीटासाठी तीच कृती धोक्याची, कारण वरचं तेल हवा अडवतं आणि आत आंबट काहीच नसतं. मी तिला आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, "आजी, याच्यात कैरी नाही." ती थांबली. मग म्हणाली, "मग याला आंबट कोण देणार?"

दिलं व्हिनेगरने. बाटलीवर पाच टक्के आम्लता लिहिलेली बघून घेतली. दोन इंच देठ ठेवून बीट उकडलं, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. मग सोलून काप केले, दोन वाट्या व्हिनेगरला एक वाटी पाणी, मीठ, साखर घालून उकळी आणली आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. मोहरी-मिरची आजीने घातलीच.

आजीच्या कृतीत आकडे नाहीत, पण कैरीबद्दल ती कधी चुकत नाही, कारण त्यामागे आमच्याच गावांतल्या अनेक पिढ्या आहेत. बीटाबद्दलचं शहाणपण दुसऱ्या गावांनी मिळवलं, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. नवं पीक परसात आणायचं, तर बियाण्याबरोबर ते शहाणपणही मागून आणावं लागतं.