झोकांड्या खाणारा उंदीर

श्रोतेहो, माणसाच्या मेंदूसंबंधी बोलण्यासाठी मी उभा आहे, आणि आरंभ मात्र करणार आहे एका उंदरापासून. त्याबद्दल कोणी रागावू नये. कारण मेंदूच्या बांधणीतले एक मोठे रहस्य याच उंदराने अडखळत अडखळत आपल्यापुढे आणून ठेवले.

१९५१ साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ या नियतकालिकात एडिंबरोचे डग्लस फाल्कनर यांचा एक लेख आला. त्यांच्याकडील उंदरांत काही पिले अशी निपजत की, दोनेक आठवड्यांची होऊन चालू लागली म्हणजे त्यांचा मागचा भाग त्यांना सावरत नसे. ती कलंडत, उठत आणि पुन्हा कलंडत. फाल्कनर यांनी त्यांना ‘रीलर’, म्हणजे झोकांड्या खाणारा, असे नाव दिले. दोष एकाच जनुकाचा होता, आणि ते सदोष जनुक आई व बाप दोघांकडून आले तरच तो प्रकट होई. जाता जाता सांगतो, या नियतकालिकाचे संपादक होते जे. बी. एस्. हाल्डेन. १९५७ साली ते कलकत्त्यास राहावयास आले तेव्हा नियतकालिकही बरोबर घेऊन आले, आणि आज ते भारतीय विज्ञान अकादमीतर्फे बंगळूरुहून निघते. तेव्हा हा उंदीर आपल्याला अगदीच परका नव्हे.

पण त्याचे बिघडले होते काय? मेंदूच्या बाहेरच्या करड्या सालीला बाह्यक म्हणतात. माणसात तिची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर. पण तेवढ्यात मज्जापेशींचे सहा थर असतात. नवल असे की या पेशी तेथे जन्मतच नाहीत. गर्भाच्या मेंदूत आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतीशी पेशी जन्मतात आणि तेथून पृष्ठभागाकडे प्रवास करतात. १९७२ साली पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भात दाखवून दिले की, त्या भिंतीपासून पृष्ठभागापर्यंत लांबच लांब तंतू ताणलेले असतात, आणि विहिरीतून दोराला धरून माणसाने वर यावे, तशा बहुतेक मज्जापेशी या तंतूंना बिलगून वर येतात.

त्यांच्या बसण्याचा क्रम तर फारच विलक्षण आहे. १९६१ साली अँजेव्हिन व सिडमन यांनी उंदराच्या गर्भातील नवजात पेशींवर किरणोत्सर्गी द्रव्याची खूण करून त्या कोठे जातात ते पाहिले. आपल्या या मंडपात आधी येणारे पुढे बसतात आणि उशिरा येणारे दाराशीच टेकतात. मेंदूत याच्या उलट! आधी आलेल्या पेशी दाराजवळच्या खालच्या थरांत बसतात आणि मागून येणाऱ्या पेशी त्या बसलेल्या गर्दीतून वाट काढीत थेट पुढे जातात. रीलरच्या मेंदूचा हिशेब १९७३ साली कॅव्हिनेस व सिडमन यांनी मांडला, तेव्हा हा क्रम साधारणपणे उलटा निघाला. उशिराच्या पेशींना पुढे सरकताच आले नव्हते. त्या आपल्यासारख्याच दाराशी अडून राहिल्या होत्या! लहान मेंदूतही पेशी ठरल्या जागी पोचल्या नव्हत्या, आणि झोकांड्यांचे मूळ मुख्यतः तेथे होते.

ते जनुक सापडले मात्र योगायोगाने. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये टॉम करन यांची मंडळी एका अगदी वेगळ्या जनुकाचा अभ्यास करीत होती. त्यासाठी उंदरात परका डी.एन्.ए. घातला, तर एका वंशातली पिले चक्क झोकांड्या खाऊ लागली. परका तुकडा नेमका रीलरच्या जनुकात घुसून बसला होता. दुसऱ्या कोणी असा वंश निरुपयोगी म्हणून टाकून दिला असता. यांनी त्याच खुणेवरून माग काढला, आणि १९९५ साली जनुक हाती आले. त्यापासून बनणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार अमिनो आम्लांच्या प्रथिनाला ‘रीलिन’ हे नाव मिळाले.

हे प्रथिन सोडते कोण? बाह्यकात अगदी पृष्ठभागाशी आडव्या पसरलेल्या काही पेशी. स्पेनच्या रामोन ई काहाल यांनी त्या शंभर वर्षांपूर्वीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रेखाटल्या होत्या. जन्मानंतर त्या बहुतेक नाहीशा होतात, त्यामुळे त्यांचे प्रयोजन कोणाला उमगत नव्हते. मौज अशी की, १९९५ सालीच जपानात मिकोशिबा यांच्या गटालाही त्याच पेशींत तेच प्रथिन दुसऱ्या वाटेने सापडले. प्रवासी पेशी हा निरोप घेते कशी, ते १९९९ साली कळले. तिच्या अंगावर त्यासाठी दोन ग्राहक प्रथिने असतात, आणि ती कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण टिपणाऱ्या घराण्यातली आहेत. उंदरातून ती दोन्ही काढली की तो रीलरसारखाच होतो.

२००० साली हेच जनुक मोडलेली मुले आढळली. त्यांच्या मेंदूवरच्या वळ्या जवळजवळ सपाट, लहान मेंदू खुरटलेला, बुद्धीची वाढ खुंटलेली आणि तोल नाही. ज्या आईबापांना आजवर कारण सांगता येत नव्हते त्यांना ते सांगता येऊ लागले. उपाय मात्र नाही; कारण पेशींचा प्रवास बव्हंशी गर्भातच संपलेला असतो.

एवढे झाल्यावर वाटले, उलगडा झाला: रीलिन म्हणजे पृष्ठभागाशी उभा असलेला पहारेकरी, ‘थांब’ म्हणणारा. पण २००२ साली करन यांच्याच गटाने रीलर उंदरात रीलिन मुद्दाम भलत्या जागी, म्हणजे पेशी जन्मतात त्या भिंतीशी, निर्माण करविले. पहारेकरी दाराशीच उभा असता तर कोणी आत सरकायला नको होते. प्रत्यक्षात बिघाड काही अंशी सुधारला, आणि उंदरांचा तोलही पुष्कळसा सावरला! तेव्हापासून वाद चालू आहे. कोणी म्हणतो, रीलिन पेशीला दोर सोडायला सांगते. कोणी म्हणतो, पुढच्या टोकाने पृष्ठभाग घट्ट धरायला सांगते. आणि ‘थांब’ म्हणणारेही अद्याप मागे हटलेले नाहीत.