संशयिताचं नाव आजाराला: खुब्याच्या सांध्याभोवतीच्या हाडाची गोष्ट

समजा, तुमच्यासमोर एकाच पेशंटचे दोन एक्स-रे ठेवलेत. पहिला खुबा बदलण्याच्या ऑपरेशननंतर लगेच काढलेला, दुसरा दहा वर्षांनंतरचा. मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा दोन्हीत जागेवरच आहे. त्याच्या भोवतीचं हाड मात्र बदललंय. वरच्या भागात ते पातळ आणि फिकट झालंय, खाली दांड्याच्या टोकाशी उलट जाड झालंय. आणि मध्ये एका ठिकाणी कडेला कुरतडल्यासारखा खड्डा दिसतोय. आता सांगा, हे हाड का गेलं?

उत्तर द्यायची घाई करू नका. या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांनीही एकदा ती केली होती, आणि तिची किंमत पेशंटांना मोजावी लागली.

सुरुवात जरा मागून करू. 1866 च्या सुमारास झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञाने मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची आतली जाळी दाखवली. कार्ल कुलमान या इंजिनिअरला ती ओळखीची वाटली. वाकलेल्या क्रेनमध्ये ताणाच्या रेषा ज्या मार्गाने जातात, त्याच मार्गाने हाडातले तंतू जात होते! पुढे बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये ग्रंथ लिहून नियम मांडला: भार बदलला की हाडाची रचनाही बदलते. वोल्फ यांना यात काटेकोर गणित दिसत होतं, तेवढं ते काटेकोर नाही. पण मूळ मुद्दा टिकला. वापरलेलं हाड राहतं, न वापरलेलं शरीर काढून घेतं.

आता इंग्लंडमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये या. जॉन चार्नली तिथे कृत्रिम खुब्यावर काम करत होते. धातूचा छोटा गोळा, प्लॅस्टिकची वाटी, आणि दोन्ही भाग हाडात पक्के बसवायला ॲक्रिलिक सिमेंट, अशी त्यांची रचना. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं. सुमारे 300 पेशंटांमध्ये ते बसवलं गेलं आणि काही वर्षांतच झिजलं. झिजलेल्या कणांभोवती गाठी झाल्या. चार्नलींनी टेफ्लॉनचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, तर कित्येक महिन्यांनंतरही तिथे गाठी हाताला लागत होत्या. 1962 च्या अखेरीपासून त्यांनी अतिउच्च रेणूभाराचं, म्हणजे फार लांब साखळ्यांचं पॉलिएथिलीन वापरायला सुरुवात केली. ते खूपच कमी झिजायचं. ऑपरेशन यशस्वी ठरलं आणि जगभर पसरलं.

इथे एक खूण करून ठेवा: प्लॅस्टिकचे कण शरीराला सहन होत नाहीत, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

1976 मध्ये अमेरिकेतले सर्जन विल्यम हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पेशंटांचा अहवाल छापला. सिमेंटने बसवलेल्या दांड्याभोवती हाड मोठ्या प्रमाणात विरघळलं होतं. आधी वाटावं गाठ आहे किंवा जंतुसंसर्ग आहे, पण दोन्ही नव्हतं. त्या लेखाचं शीर्षक नीट पाहण्यासारखं आहे. त्यात फक्त वर्णन होतं: खुबा बदलल्यानंतर मांडीच्या हाडाचा विस्तृत पण ठरावीक जागी झालेला ऱ्हास. दोष कुणाला दिला नव्हता.

दोष नंतर दिला गेला. त्या जागेच्या ऊतीत सिमेंटचे कण सापडत होते, म्हणून संशय सिमेंटवर गेला. संशय अगदीच खोटा नव्हता, कारण सिमेंटचे कणही अशी प्रतिक्रिया घडवतात. पण 1980 च्या दशकात 'सिमेंटचा आजार' हे नावच रूढ झालं, आणि एकदा नावातच कारण आलं की तपास थांबतो. खरं तर विलर्ट आणि सेमलिच यांनी 1977 मध्येच सांध्याच्या झिजेतून निघणाऱ्या सगळ्याच कणांकडे बोट दाखवलं होतं.

मग उपाय सरळ होता: सिमेंटच नको. दांड्याचा पृष्ठभाग सच्छिद्र करायचा, म्हणजे हाड त्यात वाढून दांडा धरून ठेवेल. हाड खरंच वाढलं. पण 1990 च्या आसपास अहवाल यायला लागले, की घट्ट बसलेल्या, सिमेंट नसलेल्या दांड्यांभोवतीही तेच खड्डे दिसतायत. संशयिताला घराबाहेर काढलं, तरी चोरी चालूच!

खरा मार्ग हळूहळू स्पष्ट झाला. वाटीच्या पॉलिएथिलीनमधून सूक्ष्म कण सुटतात. मॅक्रोफेज पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि दाहाचे संदेश सोडत राहतात. त्या संदेशांमुळे हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. एक्स-रेमधला तुमचा खड्डा असा तयार होतो.

आणि वरचं पातळ झालेलं हाड? त्याचं कारण पूर्णपणे वेगळं आहे. तिथे वोल्फ परत येतात. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कठीण थराची ताठरता साधारण 15 ते 20 गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूची सुमारे 110, कोबाल्ट-क्रोमची 200 च्या वर. भार ताठ दांड्यातून खाली जातो, वरच्या हाडाला काम उरत नाही, म्हणून ते विरळ होतं. याला स्ट्रेस शिल्डिंग म्हणतात. खाली टोकाशी भार पुन्हा हाडात उतरतो, म्हणून तिथे ते जाड होतं. भरीव गोल दांड्याची वाकण्याला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. 12 मिलिमीटरऐवजी 16 मिलिमीटरचा दांडा घेतलात, तर ती तिपटीहून जास्त होते. चार्ल्स एंग आणि सहकाऱ्यांना 1980 च्या दशकात जाड दांड्यांभोवती हाड जास्त गेलेलं दिसलं, ते याला धरूनच होतं.

तुम्ही म्हणाल, मग दांडा लवचीक करा. तेही करून झालं. प्लॅस्टिकचा थर असलेले लवचीक दांडे आले आणि बरेच सैल झाले. रिक हाउस्केस यांनी 1992 मध्ये संगणकीय प्रतिमानातून दाखवलं की दांडा लवचीक केला, तर हाडाला भार मिळतो खरा, पण हाड आणि दांडा यांच्या सांध्यावरचा ताण वाढतो. एकीकडचं वाचवायला गेलं की दुसरीकडे जातं.

आज क्रॉस-लिंक केलेल्या पॉलिएथिलीनमुळे झीज बरीच घटली आणि ते खड्डेही कमी झाले. स्ट्रेस शिल्डिंग अजून आहे. त्यामुळे दांडा सहसा सैल होत नाही, पण पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली की हाताशी हाड कमी उरलेलं असतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं एकच उत्तर नव्हतंच. एकाच एक्स-रेमध्ये दोन वेगळ्या प्रक्रिया होत्या: एक कणांची, एक भाराची. दोन्हींचं फळ 'हाड गेलं' असंच दिसतं, आणि उपाय मात्र वेगळे लागतात.

तुमच्या विषयातही असा एखादा शब्द असेल, जो सगळे सहज वापरतात. साहित्याचा आढावा लिहायला बसाल, तेव्हा तो पहिल्यांदा जिथे आला तो लेख शोधून वाचा. त्या लेखकाने काय पाहिलं होतं आणि नाव देणाऱ्याने त्यात काय भर घातली, हे दोन रकान्यांत लिहून काढा. दोन्ही रकाने जुळले नाहीत, तर तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.