कुत्रा गेला कुणीकडे?

मंडळी, गुराख्याला विचारा, गाईच्या गळ्यात घंटा कशाला बांधतोस? तो म्हणेल, "झाडोऱ्यात जनावर दिसत नाही, पण ऐकू येतं." शिकारी कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्याचा इतिहास या साध्या उत्तरापासून सुरू होतो. युरोपात पक्ष्यांची शिकार करणारे लोक आपल्या कुत्र्याला घंटाच बांधीत. मात्र त्यात एक गंमत होती. पक्ष्याचा वास लागला की हा कुत्रा जागच्या जागी खिळून उभा राहतो. म्हणजे ज्या घटकेला तो कुठे आहे हे कळायला हवे, नेमकी त्याच घटकेला घंटा मुकी! धनी मग घंटा कुठे थांबली याचा अदमास घेत झुडपे धुंडाळी.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील रीत निराळी. तेथे रॅकून नावाच्या प्राण्यामागे रात्री कुत्रे सोडतात आणि माणसे शेकोटीपाशी कान देऊन बसतात. कोणता आवाज कोणत्या कुत्र्याचा, तो नुसता माग काढतो आहे की सावज झाडावर चढले आहे, हे जाणता माणूस भुंकण्यावरून सांगतो. परंतु मध्ये डोंगर आला की आवाज संपला. कुत्रा माग काढत कोसच्या कोस जातो. रस्त्यावर मोटारीखाली सापडतो, परक्याच्या रानात शिरतो, कधी परतच येत नाही. लहानपणापासून हाताने वाढवलेले जनावर असे गेले म्हणजे घरात काय होते, ते तुम्हांला सांगायला नको.

या अडचणीवर उपाय आला तो वन्य प्राण्यांच्या अभ्यासातून. १९६१ साली क्रेगहेड बंधूंनी यलोस्टोनच्या रानात अस्वलाच्या गळ्यात बिनतारी प्रेषक बांधला. १९६३ साली कॉक्रन आणि लॉर्ड या दोघांनी अशा यंत्रणेची रचना छापून प्रसिद्ध केली. पुढे तेच साधन शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात आले. पट्टा 'टिक टिक' करी आणि धनी हातात काड्यांची एरिअल घेऊन चौफेर फिरवी. ही एरिअल तुम्ही पाहिली आहे. दूरदर्शनसाठी छपरावर अॅल्युमिनियमची शिडी लावीत ना, तीच. जपानच्या उदा आणि यागी यांची १९२० नंतरच्या दशकातील देणगी. ज्या दिशेला आवाज मोठा, त्या दिशेला कुत्रा. मात्र किती दूर, ते नीट कळत नसे.

ते कळू लागले उपग्रहांमुळे. अमेरिकेने जी.पी.एस.चा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. मूळ काम लष्कराचे. १९८३ साली वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान रशियनांनी पाडले, २६९ माणसे गेली, आणि ही सोय सर्वांना खुली करण्याची घोषणा झाली. १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांची यंत्रणा पुरी झाली. तरीही सामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, सुमारे शंभर मीटरपर्यंत. दाट रानात शंभर मीटर म्हणजे कुत्रा हरवलेलाच! मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली, आणि २००७ साली गार्मिन कंपनीचा 'अॅस्ट्रो' हा पट्टा नि हातातला रिसीव्हर बाजारात आला. कुत्रा धावतो आहे की खिळून उभा आहे, हेही तो पडद्यावर दाखवी. घंटेची जुनी खोड येथे मोडली.

आता एक गैरसमज. पुष्कळांना वाटते, उपग्रह वरून कुत्र्याला पाहतो. तसे नाही, बरं का. उपग्रह वीस हजार किलोमीटरांवरून नुसती वेळ आणि स्वतःचे ठिकाण सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे ऐकून पट्टा आपली जागा स्वतः काढतो. ही जागा तुमच्या हातात पोहोचवायची ती मात्र जमिनीवरच्या रेडिओलहरींनी, आणि तेथे डोंगर पूर्वीइतकाच आडवा येतो.

तुम्ही म्हणाल, १९७२ च्या कायद्याने आमच्याकडे शिकार बंद, मग हे आम्हांला कशाला? हाच पट्टा वन्य जीवांच्या कामी आला आहे. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या बिबट्याला २००९ साली असा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. 'आजोबा' त्याचे नाव. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईजवळच्या राष्ट्रीय उद्यानात गेला, हे पट्ट्यामुळेच कळले. आणि मेंढवाड्याच्या राखणीचा कुत्रा तर आजही हरवतोच.

तेव्हा पट्टा घेताना दुकानदाराला आधी विचारा, की जागा कळवतो कशाने? मोबाइलच्या सिमकार्डाने कळवणारा पट्टा स्वस्त दिसेल, पण जेथे फोन लागत नाही तेथे तो मुका. स्वतःच्या रेडिओवर चालणाऱ्याची जाहिरातीतली मैलांची मजल सपाट, मोकळ्या माळावरची समजावी. शिवाय परदेशी संचाची लहर आपल्याकडे चालवायला मुभा आहे का, तेही पाहावे. अमेरिकेतली लहर युरोपातसुद्धा चालत नाही. एरिअल काटेरी झुडपात तुटते, सोबतचा कुत्रा चावतो, म्हणून ती बदलता यावी. आणि कुत्र्याला घालण्याआधी पट्टा घरातल्या एखाद्या पोराच्या हाती देऊन त्याला टेकडीपलीकडे पाठवा. रिसीव्हरवरची खूण कुठे थांबते, ते ओट्यावर बसूनच दिसेल.