खाण तशी माती?

मारक्या गाईची कालवड मारकी निघाली की आपण लगेच म्हणतो, "खाण तशी माती!" पण स्वभावात रक्ताचा वाटा किती आणि गोठ्यातल्या वागणुकीचा किती, हे नुसतं बघून कळत नाही. ते ताडून पाहायला अगदी एकसारखी जनावरं हवीत. शास्त्रज्ञांना ती उंदरांत मिळाली.

अमेरिकेत १९०९ साली क्लॅरेन्स कुक लिटल या विद्यार्थ्याने फिक्या तपकिरी उंदरांत सख्ख्या बहीण-भावांच्या जोड्या लावायला सुरुवात केली. वीस पिढ्या असं केलं की त्या कुळातले उंदीर जवळजवळ एका साच्यातले होतात. १९२१ साली लिटल यांनी आणखी एक, काळं कूळ सुरू केलं. त्याची मूळ मादी, क्रमांक ५७, अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाईंच्या उंदरांपैकी. बाई पूर्वी शिक्षिका होत्या. कोंबड्यांचा धंदा बसला, म्हणून उंदीर पाळू लागल्या होत्या.

पुढे १९५९ साली मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या. एकीत पाणी, दुसरीत दहा टक्के मद्यार्क. काळे उंदीर मद्याकडे वळले. तपकिरी त्याला तोंड लावीनात. मग अशा कुळांचा संकर करून, ही ओढ गुणसूत्रांच्या कोणत्या तुकड्यांबरोबर नातवंडांत उतरते, याचा शोध सुरू झाला. एकच एक 'दारूचं जनुक' काही सापडलं नाही. अनेक जनुकं थोडा थोडा भार उचलतात, असं दिसलं.

आता खरी गंमत ऐका. १९९९ साली क्रॅब, वॉल्स्टन आणि ड्युडेक यांनी अमेरिकेतल्या दोन आणि कॅनडातल्या एका प्रयोगशाळेत त्याच कुळांची परीक्षा घेतली. उपकरणं, उंदरांचं वय, चाचणीची वेळ, सारं शक्य तितकं सारखं ठेवलं. मद्याची ओढ तिन्ही ठिकाणी कुळाप्रमाणेच निघाली. पण उंच, उघड्या फळीवर जाण्याच्या धिटाईसारख्या चाचण्यांत जागा बदलली तसा निकालही बदलला!

म्हणजे रक्ताचा वाटा खरा, पण जागेचाही खरा. गुरुजी, उंदरावरून मुलाची परीक्षा करता येत नाही हे तर आहेच. पण एकाच साच्यातला उंदीरही जागा बदलताच वेगळा वागतो, तिथे वर्गातल्या पोराला "जात्याच भित्रा" म्हणण्याआधी त्याला बसायची जागा तरी एकदा बदलून पाहावी.