चावी कोणाच्या हाती? नळाच्या पाण्याचा एक दुर्लक्षित इतिहास

१/ धाम नदीचे पाणी वर्धा शहरातील घरांत पोहोचते, ते रस्त्याखाली पुरलेल्या लोखंडी दरवाजांतून. लोक त्यांना ‘चावी’ म्हणतात. अभियंते ‘गेट व्हॉल्व्ह’ किंवा ‘स्लुइस व्हॉल्व्ह’. या दरवाजाने पाणी आणि सत्ता यांचे नाते कसे बदलले, त्याचा हा मागोवा. 🧵

२/ आरंभ पुण्यापासून करू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतील पाणी बंदिस्त नळातून शहरात आणले गेले. ते केवळ उताराने वाहत असे. वाटेतील उच्छ्वासांतून हवा मोकळी होई. पाणी अखेरीस हौदांत पडे आणि माणसे हौदावर येत.

३/ एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचे नळ आले. त्यांत पाणी दाबाखाली भरलेले असे. म्हणून ते थेट घरापर्यंत नेता येऊ लागले. परंतु नळ फुटला तर? साऱ्या शहराचे पाणी न तोडता तेवढाच भाग बंद कसा करायचा?

४/ लंडनमध्ये त्या वेळी वापरात असलेल्या झडपा गळत आणि उघडता-मिटताना अडत. १८३९ मध्ये जेम्स नॅस्मिथ याने त्यावर उपाय काढला : पाचरीच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारा दरवाजा. वाफेच्या हातोड्याची त्याची प्रसिद्ध कल्पनाही त्याच वर्षीची.

५/ त्याची क्रिया सोपी आहे. आट्यांचा दांडा फिरवला की पाचर खाली उतरते आणि दोन्ही बैठकींवर आवळली जाते. उलट फिरवला की ती पूर्णपणे वरच्या कोशात जाते. पाण्याची वाट सरळ व निर्वेध राहते.

६/ दांड्याला पुष्कळ फेरे द्यावे लागतात, हाही लाभच. वाहते पाणी एकदम अडवले तर दाबाची लाट उसळून नळ फुटू शकतो. मात्र हा दरवाजा अर्धवट उघडा ठेवू नये : पाचर थरथरते, तिच्या कडा झिजतात आणि पुढे ती नीट मिटत नाही.

७/ मुंबईला १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मिळू लागले. दुरुस्तीसाठी जन्मलेला दरवाजा पुढे वाटपाचे साधन झाला. पाणी चोवीस तास देता येत नसेल, तर चाव्या फिरवून एकेका वस्तीला ठरावीक वेळी द्यायचे. त्यातूनच महापालिकेचा ‘चावीवाला’ घडला.

८/ जुने हौद आणि तळी सर्वांना खुली होती, असे मात्र नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर त्यासाठीच सत्याग्रह करावा लागला. परंतु तेथे अडवणारा माणूस डोळ्यांना दिसत होता.

९/ नळाच्या काळात नकार जमिनीखाली गेला. पाणी का आले नाही? दुष्काळ, गळती, की न फिरवलेली चावी? कोरड्या नळासमोर उभ्या असलेल्या बाईला ते कळण्याची सोय नसते.

१०/ धरणाची पातळी पाणी किती साठले ते सांगते. ते कोणाला, केव्हा आणि किती वेळ मिळाले, हे चावी फिरवण्याच्या वेळापत्रकावरून कळते. शहरातील विषमतेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने धरणांच्या उद्घाटनांइतकेच या साध्या कागदांकडेही लक्ष द्यायला हवे.